त्रेसष्ट पांढरी चित्रं

ताईंनी चित्र "विकलं" असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "दिलं" म्हणायच्या. अमक्यांना दिलं, तमक्यांकडे दिलं. जणू फुकटच वाटत होत्या! मी त्यांच्या गॅलरीत सव्वीस वर्षं चौकटी करतो, चित्रं टांगतो, उतरवतो, गुंडाळतो आणि प्रदर्शन संपलं की भिंतीची भोकं बुजवतो. सगळे मला मिस्त्री म्हणतात. तेव्हा दिलं म्हणजे काय आणि विकलं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पण ताईंचं देणं सोपं नव्हतं, एवढं मात्र खरं.

दारात येऊन "आमची भिंत आठ फुटांची आहे" असं सांगणाऱ्याला त्या चहा पाजून वाटेला लावत. जो उरेल त्याच्या घरी जात. सोबत मी, टेप आणि पिशवी. घरचा माणूस रोज ज्या खुर्चीत बसतो, त्या खुर्चीत ताई तासभर बसून राहायच्या. सकाळी पहिलं कोण उठतं, ऊन कुठल्या खिडकीतून येतं, भांडणं कुठल्या खोलीत होतात, सगळं विचारायच्या. हो, भांडणंसुद्धा. एका वकिलांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्याकडे सध्या चित्राला जागा नाही. तो टीव्ही हलवा, मग या." वकील फणकारले. सहा महिन्यांनी टीव्ही हलवून आले आणि हात जोडून उभे राहिले. असा त्यांचा शब्द. काय घ्यावं, काय घेऊ नये, कुणाचं काम थांबून घ्यावं, हे विचारायला लोक यायचे, आणि ताई "घ्या" म्हणाल्या की न बघितलेल्या चित्रालाही हो म्हणायचे.

दिलेल्या चित्राला वर्षातून एकदा भेटायला जायचं, हा त्यांचा आणखी एक नेम. "लेक दिली म्हणून तिच्याकडे जाणं बंद करतो का आपण?" असं म्हणायच्या. घरात शिरल्या की आधी पडदे ओढायच्या आणि टॉर्च भिंतीला अगदी टेकवून, चित्रावर आडवा उजेड सोडायच्या. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र फुगवटा, भेग, कोपऱ्यातला ओलावा, सगळं सावली टाकतं. मग त्या एकेक सांगायच्या आणि मी कागदावर लिहून घ्यायचो. दर चित्राचा एक असा कागद होता. त्याला मी तब्येतपत्रक म्हणायचो. इतर गॅलऱ्यांत माल दारातून बाहेर पडला की हात झटकतात. आमच्याकडे तसं नव्हतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता. आता तो शब्द लिहिताना लाज वाटते.

ताईंचा जीव की प्राण म्हणजे त्यांचा मावसभाऊ. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून ताईंच्याच घरी वाढला. साठीला आला तरी ताई त्याला "धाकट्या" म्हणायच्या. मी त्याला पांढरोबा म्हणायचो, तेही तोंडावर, आणि तो खुशीत हसायचा. कारण पांढऱ्याशिवाय त्याने दुसरं काही रंगवलंच नाही. पलंगावरची चादर, दुधाचं पातेलं, वाळत घातलेले पडदे, नुसती भिंत. माझी बायको पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "यांत रंग भरायचे राहिलेत का?" हे त्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि तिला मुद्दाम चहाला बोलावलं. पण त्या चित्रांसमोर दहा मिनिटं थांबलं की पांढऱ्यात पांढरे निघायला लागायचे. खोटं कशाला सांगू? चादरीचं एक चित्र टांगताना मला माझ्या आईचं शेवटचं आजारपण आठवलं, आणि मी स्टुलावरून उतरून मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो होतो.

तर चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक होत्या, दातांच्या डॉक्टरीणबाई. पांढरोबाची पहिली चित्रं त्यांनीच घेतलेली. वार्षिक फेरीला गेलो तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या भावाचं चित्र पिवळं पडलंय. पिवळं झालेलं मी एका नजरेत ओळखते, जन्म गेला त्यात." आणि खरोखरच पडलं होतं. किंचित, पण पडलं होतं. ताईंना ते फार लागलं. नवं प्रदर्शन आठ आठवड्यांवर आलेलं. पांढरोबाची पांढरी चित्रं पिवळी पडतात, हे एकाकडून दुसऱ्याच्या कानावर गेलं असतं तर संपलं.

दुसऱ्याच दिवशी ताई मला घेऊन रंगांच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर म्हातारा मालक. ताईंनी सांगितलं, कधी पिवळा न पडणारा पांढरा द्या. म्हाताऱ्याने दोन नळ्या काढून दोन रेघा ओढून दाखवल्या. एक नेहमीचा, एक जस्ताचा. जस्ताचा असा स्वच्छ, थंड पांढरा होता की नेहमीचा त्याच्याशेजारी मळका वाटला. ताई म्हणाल्या, "हाच. आहे तेवढा द्या."

म्हातारा नळ्या मोजता मोजता थांबला. "वरच्या हातालाच वापरा हं हा, तोही थोडाथोडा. खालचा अख्खा थर याचा दिलात तर दहा-बारा वर्षांत कडक होतो आणि वरचं सगळं घेऊन सुटतो. खाली दुसरा लावा. आहे माझ्याकडे, जरा महाग आहे."

"बरं," ताई म्हणाल्या.

गाडीत खोकं माझ्या मांडीवर होतं. ताई म्हणाल्या, "महागातला खपवायचा होता त्याला. हो ना?" मी मान डोलावली. मला तरी काय माहीत? पण माहीत नसताना मान डोलावली, एवढं माझ्या खात्यावर आहेच.

पांढरोबाने पहिली नळी पिळली आणि लहान मुलासारखा हरखला. बोटावर घेऊन खिडकीपाशी गेला. मग वळून त्याने सरळ विचारलं. शब्द माझ्या अजून कानात आहेत. "ताई, खालीही हाच लावला तर चालेल का? वरखाली एकच पांढरा ठेवला ना, तर आतून उजेड येईल."

मी ताईंकडे बघितलं. ताई हातातल्या तारखांच्या कागदाकडे बघत होत्या. एकच पांढरा असला की ओल्यावर ओला चढवता येतो; खाली दुसरा लावायचा म्हणजे तो सुकेपर्यंत थांबायचं, आणि थांबायला आठवडे नव्हते.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "न चालायला काय झालं?"

ते प्रदर्शन असं गाजलं की पुढची तेरा वर्षं पांढरोबाने दुसऱ्या पांढऱ्याला हात लावला नाही. त्या वर्षांत ताईंनी त्याची त्रेसष्ट चित्रं लोकांच्या घरी दिली. प्रत्येक वेळी, "घ्या, आयुष्यभराची सोबत आहे," असं सांगून. फेऱ्या चालू होत्या, टॉर्च चालू होता, तब्येतपत्रकांवर मी दर वर्षी लिहीत होतो, "उत्तम."

गेल्या वर्षी मोठ्या संग्रहालयातून बोलावणं आलं. पांढरोबाच्या तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन, पाच दालनं, सगळी चित्रं घराघरांतून गोळा करून आणायची. तो हे ऐकून उठला आणि ताईंच्या पाया पडला. ताई रडल्या. मीही कोपऱ्यात नाक पुसलं. माझ्यापुढे मात्र वेगळंच काम होतं. एवढी चित्रं उतरवायची, बांधायची, गाडीतून न्यायची. म्हणून त्या वर्षीची फेरी आम्ही लवकर काढली.

पहिलं घर डॉक्टरीणबाईंचंच. जुन्या, पिवळ्या पडलेल्या चित्राशेजारी आता नवं होतं, पडद्याचं, पाच फुटी. ताईंनी टॉर्च टेकवला. मी पेन घेऊन उभा. त्या काहीच सांगेनात. मी वाकून बघितलं. पडद्याच्या डाव्या घडीवर बोटाच्या पेराएवढ्या सावल्या उमटल्या होत्या. एक नाही, पंधरा-वीस. प्रत्येक सावलीच्या कडेला रंग कॅनव्हासपासून उचललेला.

"काय, कशी आहे तब्येत?" डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"छान आहे," ताई म्हणाल्या.

निघताना डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "आमच्या कामवाल्या बाई म्हणत होत्या, त्या भिंतीचा चुना पडतोय रोज थोडाथोडा. रंगारी बोलवायला हवा." ताईंनी चपला घालता घालता मान डोलावली. तो चुना नव्हता हे आम्हा दोघांना कळलं होतं. तो पडदा होता. रोज थोडाथोडा केरात चालला होता.

जिन्यात ताई म्हणाल्या, "एखाद्या घरी होतं असं. ओल असेल."

दुसऱ्या घरी ओल नव्हती. तिसऱ्या घरी तर चित्र कोरड्या ठणठणीत खोलीत होतं, तरी पातेल्याची कड सुटलेली. चौथ्या घरी एक पापुद्रा चौकटीच्या खालच्या पट्टीवर पडलेला सापडला. मी तो चिमटीत धरून पाकिटात ठेवला, तेव्हा घरचे काका मागे उभे राहून नातवाच्या गमती सांगत होते आणि ताई योग्य जागी हसत होत्या. आठ घरं झाली. आठही कागदांवर ताईंनी मला लिहायला लावलं, "उत्तम."

नवव्या घरी गेलोच नाही. ताई ते पाकीट घेऊन चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेल्या. बाई बोलायला रोखठोक. त्यांनी पापुद्रा भिंगाखाली धरला, उलटा केला, सुईने कोरला. "खालचा थर," त्या म्हणाल्या. "जस्ताचा आहे. कुणी सांगितलं होतं खाली लावायला?"

ताईंनी रिकामं पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"किती आहेत अशी?"

"त्रेसष्ट."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "एकसुद्धा हलवू नका. गाडीचे हिसके बसले की खोक्यात नुसता भुगा उतरेल. आहे तिथंच आडवं ठेवायचं, चौकट उघडायची, एकेक पापुद्रा चिकटवायचा. वर्षं जातील. आणि काही तर जातीलच."

त्या दिवशी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं, दुकानापासून. ती पोळी भाजायची थांबली. म्हणाली, "मग त्या आता भावाला खरं सांगतील ना?"

"सांगतील. ताईच आहेत त्या."

"आणि नाही सांगितलं तर? तुम्ही बोलाल?"

"माझा काय संबंध? मी चौकटी करणारा माणूस."

"खोकं कुणाच्या मांडीवर होतं?" तिने विचारलं. मी ताटात हात धुतला आणि उठलो. खरं ऐकलं की मला राग येतो, आणि तो नेमका तिच्यावरच निघतो.

दोन दिवसांनी ताईंनी मला सोबत घेतलं. वाटेत एकच वाक्य बोलल्या, "आज त्याला सांगून टाकते." मला एवढं हलकं वाटलं की मी गाडीची काच खाली केली. ताई पर्स मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या घरांकडे बघत होत्या.

पांढरोबा स्टुडिओत संग्रहालयाचा नकाशा जमिनीवर पसरून बसला होता. कागदाचे छोटे तुकडे कापून, कुठल्या दालनात कुठलं चित्र ते लावत होता. "मिस्त्री, इथं बघा, तुमच्या आवडीची चादर एकटीच ठेवलीय. समोर बाकडं." मी त्या तुकड्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून उभा राहिलो.

ताई स्टुलावर बसल्या आणि सांगितलं. चित्रं सुटतायत. आठ घरं बघितली, आठही. बाईंचं म्हणणं, त्रेसष्टही सुटणार. हलवता येणार नाहीत. प्रदर्शन होणार नाही. सगळं नीट, क्रमाने सांगितलं, काही लपवलं नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, "खालचा पांढरा धरत नाहीये," आणि थांबल्या.

कागदाचे तुकडे त्याने एकावर एक ठेवले, अगदी कडेला कड जुळवून.

"खालचा," तो म्हणाला. "म्हणजे खाली तो लावायला नको होता." मग वर बघून, "मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात चालेल. पण तुम्हाला बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार, ताई? रंग हा माझा धंदा. माझ्या डोक्यात उजेडाचं खूळ. त्या दुकानात जाऊन म्हाताऱ्याला एक शब्द विचारला असता, तर त्याने सांगितलं असतं. आहेत का हो ते अजून?"

"गेले," ताई म्हणाल्या. "पाच वर्षं झाली."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. धमकी नव्हती त्यात, विनवणीही नव्हती. त्या फक्त मोजत होत्या, की त्या दुकानात उभी असलेली माणसं आता किती उरलीत. दोन. मला घसा खाकरायचा होता, तोसुद्धा खाकरला नाही. आता बोलतील, मला वाटत होतं. पुढच्या क्षणी बोलतील. त्याला त्यांनी लहानपणी जेवू घातलं होतं. शाळेत सोडलं होतं. त्या बोलणारच.

पांढरोबा उठला, टेबलाशी जाऊन बसला आणि लिहायला लागला. ताई त्याच्या पाठीकडे बघत बसल्या. अर्ध्या तासाने त्याने कागद आणून त्यांच्या हातात दिला. ज्यांच्या घरी चित्रं आहेत त्या सगळ्यांसाठी पत्र होतं. म्हणाला, "मोठ्याने वाचा, मिस्त्रींनाही कळू दे."

ताईंनी वाचलं. आवाज कुठंही अडला नाही. "आपल्या घरातल्या माझ्या चित्राचा रंग सुटतो आहे किंवा लवकरच सुटेल. ही चूक सर्वस्वी माझी आहे. मी अज्ञानाने आणि हट्टाने चुकीचा थर दिला. गॅलरीचा यात काहीही दोष नाही. माझ्या ताईने मला नेहमी उत्तमच सामान आणून दिलं आणि तुम्हाला नेहमी खराच सल्ला दिला. तिच्यावरचा विश्वास कमी करू नका. यापुढे मी रंगवणार नाही."

"नीट आहे ना?" त्याने विचारलं. शाळेतला निबंध दाखवावा तसं.

ताईंनी कागद पुन्हा एकदा वरून खाली बघितला.

"तारीख राहिलीय," त्या म्हणाल्या. "खाली तारीख घाल."

त्याने तारीख घातली. मग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, पण तो हसायचा प्रयत्न करत होता. "मिस्त्री, तुम्हालाही उगाच त्रास माझ्यामुळे. एवढ्या चौकटी उघडाव्या लागणार. माफ करा हं."

"त्यात काय," मी म्हणालो.